पाळी परत आली तेव्हा : खानापूर तालुक्यातलं एक प्रकरण

स्तनाचा कर्करोग हाडांत गेलेल्या ४५ वर्षांच्या एका बाईंचं हे प्रकरण. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची निर्मिती रोखणारी लेट्रोझोलची गोळी रोज चालू असताना त्यांचा आजार वाढला. कागदावर ‘लेट्रोझोलला प्रतिसाद नाही’ अशी नोंद झाली आणि नव्या केमोची तारीखही पडली. त्या तारखेच्या आधी त्या नवऱ्याला घेऊन बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला माझ्याकडे आल्या. मी इथे जनरल प्रॅक्टिस करते. कॅन्सरचे उपचार मी करत नाही. पण बेळगाव, मिरज, कोल्हापूरला उपचार घेऊन आलेली तालुक्यातली माणसं रक्त तपासायला, ताप उतरेना म्हणून आणि ‘आता पुढं काय करायचं’ हे विचारायला शेवटी आमच्याच बाकड्यावर येऊन बसतात. त्यांची फाइल पहिल्या पानापासून वाचणं हे आमचं काम आहे, असं मी मानते.

बाईंच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

फाइलमधली एक ओळ

जांबोटीच्या पुढे, घाटाच्या अंगाला त्यांचं गाव. भाताची शेती, थोडे काजू, दोन म्हशी. ४२ व्या वर्षी डाव्या स्तनात गाठ लागली. ऑपरेशन होऊन स्तन काढला, काखेतल्या चार गाठींत रोग सापडला. मूळ गाठ इस्ट्रोजेनवर पोसणारी निघाली : ईआर (इस्ट्रोजेनचा ग्राहक, म्हणजे रिसेप्टर) आठपैकी आठ, पीआर (प्रोजेस्टेरॉनचा) आठपैकी सहा, हर-टू हे गाठ वाढवणारं प्रथिन निगेटिव्ह. मग केमो झाली. आधी डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइडचे चार डोस, नंतर दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल. त्यानंतर लाइट, म्हणजे किरणोपचार. केमोच्या तिसऱ्या डोसनंतर पाळी थांबली. थांबेल असं आधीच सांगितलेलं असल्यामुळे त्यांनी ते फारसं मनाला लावून घेतलं नाही. पुढे गाठीवर इस्ट्रोजेनचा परिणाम होऊ न देणारं टॅमॉक्सिफेन २० मिलिग्रॅम रोज सुरू झालं, तेही त्यांनी चुकवलं नाही.

दोन वर्षांच्या आतच कंबर दुखायला लागली. लावणीचे दिवस होते, वाकून वाकून कंबर धरली असं घरात सगळ्यांनी धरून चाललं. लावणी झाली, भांगलण झाली, तरी दुखणं हटेना. रात्री कूस बदलताना कळ मारायला लागली तेव्हा एमआरआय झाला. कमरेचे दोन मणके, उजव्या कमरेचं पसरट हाड आणि छातीचं मधलं हाड, एवढ्या ठिकाणी रोग होता. फुप्फुसं आणि यकृत साफ होतं. कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तपासला, तिथेही ईआर पॉझिटिव्ह. ही तपासणी केली ते फार बरं झालं. पसरलेल्या रोगाचा स्वभाव मूळ गाठीपेक्षा बदललेला असू शकतो, आणि पुढचा सगळा विचार त्या एका उत्तरावर उभा राहतो.

मणक्यांना एकाच बैठकीत ८ ग्रेचा लाइट दिला. दुखणं पंधरा-वीस दिवसांत बरंच उतरलं. हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिडचं सलाईन सुरू झालं, टॅमॉक्सिफेन थांबवून लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅम सुरू झालं. त्या दिवसाच्या कागदावर एक ओळ आहे : ‘पाळी कायमची बंद.’ पुढच्या प्रत्येक कागदावर ती तशीच उतरत गेली.

ती ओळ कशी आली, हे मी बाईंकडून आणि त्यांच्या मुलाकडून नीट समजून घेतलं. ओपीडीत गर्दी होती. तपासणारा तरुण डॉक्टर कन्नडमधून विचारत होता. बाईंना कन्नड बाजारापुरतं येतं. सोबत अठरा वर्षांचा मुलगा होता. त्याला कन्नड चांगलं येतं, म्हणून तो मधे राहून आईला मराठीत सांगत होता. पाळीचा प्रश्न आला तेव्हा पोराने मान खाली घालून कसाबसा विचारला, आईने ‘नाही’ म्हणून मान हलवली. त्या दिवसापुरतं ते उत्तर खरंच होतं. कधीपासून बंद, कशामुळे बंद, हे पुढचे प्रश्न दोघांच्या संकोचात राहून गेले. यात मला त्या मुलाचा किंवा आईचा काडीइतका दोष दिसत नाही. आईच्या पाळीबद्दल मुलाला दुभाषी करायची वेळ यायलाच नको होती. इकडच्या बहुतेक ओपीडीत एखादी मराठी समजणारी सिस्टर असते, तिला दोन मिनिटं बोलावलं असतं तरी भागलं असतं.

दुसरी अडचण कागदांची. सीमाभागातल्या पेशंटची फाइल अनेकदा दोन राज्यांत विभागलेली असते. कर्नाटकाचं आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक कार्ड आहे, त्यात मोठ्या उपचारांसाठी सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ८६५ सीमावर्ती गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा लाभ द्यायचं ठरवलं, त्याला कर्नाटकाने हरकत घेतली. राजकारण राजकारणाच्या जागी. घरात कॅन्सर असलेली माणसं ज्या कार्डावर ज्या महिन्यात सोय होईल तिकडे जातात, आणि जावंच. पण मग केमोचे कागद एका पिशवीत, लाइटचे दुसऱ्या पिशवीत. केमोच्या चार्टवर शेवटच्या पाळीची तारीख स्पष्ट लिहिलेली होती. लेट्रोझोल लिहिणाऱ्याच्या हातात तो चार्ट कधी गेलाच नाही.

‘अंगात रक्त भरूलालंय’

नवरा-बायको आले ते केमो घ्यावी की नको हे विचारायला. पाचव्या महिन्यापासून कंबर परत दुखत होती. सीए १५-३, म्हणजे या रोगाचा रक्तातला निर्देशक, आधी ३८ वर आला होता, तो आता ११२. नव्या स्कॅनमध्ये बरगडीत एक नवीन डाग. हाडातला रोग वाढतो आहे यात शंका नव्हती.

लेट्रोझोल घेणाऱ्या बाईला मी नेहमी तीन गोष्टी विचारते : सकाळी बोटं आखडतात का, अंगातून वाफा निघतात का, झोप लागते का. इस्ट्रोजेन खरंच तळाला गेलं असेल तर या तीनांपैकी काही ना काही तक्रार बहुतेक असते. बाई एकदम खुलल्या.

“ते समदं गेलं की ओ मॅडम. आधी लई वाफा यायच्या, लुगडं भिजायचं. आता दोन महिने झाले, रातचं गारेगार झोप लागूलालीय.”

मी त्यांच्या नवऱ्याला सगळे जुने कागद झेरॉक्स करायला पाठवलं आणि दार लोटून घेतलं. मग पाळीचं विचारलं.

“आली की. मागल्या दोन महिन्यांत दोनदा आली.” आवाज हळू झाला, पण चेहऱ्यावर आनंद होता. “जाऊबाई म्हणाल्या, अंगात रक्त भरूलालंय. म्हणून कणकुंबीला जाऊन माउलीची ओटी भरून आलो.”

त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी अगदी रास्त होतं. केमोने केस गेले, पाळी गेली. केस परत आले ते बरं होण्याचं लक्षण होतं, मग पाळी परत आली तर ते वेगळं का असावं? कोणी त्यांना उलट सांगितलेलंच नव्हतं. पाळी परत आली तर त्याच दिवशी कळवा, हे वाक्य लेट्रोझोलच्या पहिल्या पाकिटाबरोबर पेशंटच्या हातात गेलं पाहिजे.

त्याच दुपारी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट केली, ती निगेटिव्ह. त्यांचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं होतं, तरी ही टेस्ट सोडायची नसते. रक्त बेळगावला पाठवलं. एस्ट्राडिओल आलं १८६ पिकोग्रॅम. पाळी गेलेल्या बाईत ते साधारण २०-३० च्या खाली असतं आणि लेट्रोझोल घेणाऱ्या बाईत जवळजवळ मोजता न येण्याइतकं कमी. एफएसएच, म्हणजे अंडाशयाला हुकूम देणारं पिट्युटरी ग्रंथीचं संप्रेरक, १४. सोनोग्राफीत उजव्या अंडाशयात १९ मिलिमीटरचा पक्व होत आलेला फॉलिकल (अंड्याची पिशवी), गर्भाशयाचं अस्तर जाड. ४५ व्या वर्षी, सोळा डोस केमो पचवून, दोन्ही अंडाशयं जागी झाली होती आणि जोमात होती.

तेच एन्झाइम, दोन धनी

शरीरात इस्ट्रोजेन बनवण्याची शेवटची पायरी एकाच एन्झाइमच्या हाती असते, ते म्हणजे अरोमाटेज. पुरुषी गणली जाणारी संप्रेरकं, अँड्रोस्टेनेडिओन आणि टेस्टोस्टेरॉन, हा त्याचा कच्चा माल. १९ कार्बनच्या त्या रेणूतला एक कार्बन तीन टप्प्यांत काढून ते १८ कार्बनचं इस्ट्रोजेन तयार करतं. अँड्रोस्टेनेडिओनपासून इस्ट्रोन होतं, टेस्टोस्टेरॉनपासून एस्ट्राडिओल. या एन्झाइमची स्फटिकरचना २००९ मध्ये देबाशिष घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडली. त्यासाठी एन्झाइम माणसाच्या वारेतून वेगळं काढलं होतं. वारेत ते मुबलक असतं.

अरोमाटेज अंडाशयात असतं तसं चरबीत, स्नायूंत, कातडीत, हाडाच्या पेशींत आणि मेंदूतही असतं. म्हणूनच पाळी जाऊन वीस वर्षं झालेल्या बाईच्या गाठीलाही इस्ट्रोजेन मिळत राहतं. नवऱ्याने मला नेमकं हेच विचारलं, “पाळी गेल्यावर हे येतंय कुठनं?” ते स्वतः तरुणपणी संकेश्वरकडे ऊसतोडीला जात होते, म्हणून मी त्यांना उसाचंच सांगितलं. अंडाशय म्हणजे साखर कारखाना. हंगाम संपला की कारखान्याचं धुराडं थांबतं, पण शिवारातली गुऱ्हाळं चालूच राहतात. लेट्रोझोल ही गुऱ्हाळं बंद करणारी गोळी आहे. चालू कारखाना तिच्याने बंद होत नाही.

त्यांना एवढं पुरलं. वाचकांसाठी त्यामागचं कारण सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण तिथेच आहे.

अरोमाटेज बनवणारं जनुक एकच, सीवायपी१९ए१, पंधराव्या गुणसूत्रावर. पण ते चालू करायची बटणं प्रत्येक अवयवात वेगळी आहेत. चरबीत ते स्टेरॉइड आणि दाह वाढवणाऱ्या रसायनांच्या हुकमाने चालतं, मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला तिथे कोणी विचारत नाही. अंडाशयात मात्र सगळा हुकूम पिट्युटरीच्या एफएसएचचा. लेट्रोझोलने रक्तातलं इस्ट्रोजेन उतरलं की पिट्युटरीला वाटतं अंडाशय झोपलं, आणि ती एफएसएच वाढवते. अंडाशयात एक जरी जिवंत फॉलिकल उरलेला असेल तर तो वाढायला लागतो आणि अरोमाटेज भरभरून बनवतो, इतकं की २.५ मिलिग्रॅमची गोळी त्याला पुरी पडत नाही. चरबीत असं उलट उत्तर देणारं कोणी नसतं, म्हणून पाळी खरोखर गेलेल्या बाईत हीच गोळी शरीरातलं ९८ टक्क्यांहून अधिक इस्ट्रोजेन-निर्मितीचं काम थांबवते.

मूल होत नाही म्हणून उपचार घेणाऱ्या जोडप्यांना लेट्रोझोल हे नाव ओळखीचं असेल. वंध्यत्वाच्या दवाखान्यात पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस हीच गोळी देतात, अंडं वाढावं म्हणून. तिथे जो परिणाम हवा असतो, तोच या बाईंच्या पोटात रोज होत होता.

आता गाठीकडे. स्तनाच्या गाठीत आणि तिच्या आसपासच्या पेशींत अरोमाटेज असतं. गाठीतून सुटणारं प्रोस्टाग्लँडिन ई-२ शेजारच्या चरबीतल्या पेशींतलं बटण बदलून टाकतं आणि तिथलं अरोमाटेज वाढतं. पाळी गेलेल्या बाईच्या गाठीत एस्ट्राडिओल रक्तापेक्षा दहा-वीस पट सापडतं, ते यामुळे. शिवाय आणखी दोन एन्झाइमं आहेत, त्यांच्याबद्दल आपल्याकडे कमी बोललं जातं. रक्तात इस्ट्रोन सल्फेट नावाचा साठा फिरत असतो, स्वतः निष्क्रिय, पण टिकाऊ. स्टेरॉइड सल्फेटेज हे एन्झाइम गाठीत त्यावरचं सल्फेट सोडवून इस्ट्रोन मोकळं करतं. मग १७-बीटा-एचएसडी प्रकार १ हे एन्झाइम त्या दुबळ्या इस्ट्रोनचं जोरकस एस्ट्राडिओल करतं. सल्फेटेज अडवणाऱ्या औषधांच्या चाचण्या झाल्या, रोजच्या वापरात मात्र असं एकही औषध अजून आलेलं नाही. आज आपल्या हातात अरोमाटेज अडवणाऱ्या तीन गोळ्या आहेत : लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल १ मिलिग्रॅम आणि एक्झेमेस्टेन २५ मिलिग्रॅम. वर नवा माल तयार होणंच थांबलं की खालचा साठा आपसूक आटतो, म्हणून त्या पुरतात.

बाईंचं वजन ४८ किलो. त्यांच्या चरबीतून होणारं इस्ट्रोजेन तसंही थोडंच असणार. हाडातल्या रोगाला खाऊ घालत होती ती अंडाशयं.

पाळी कायमची गेली असं कधी म्हणायचं, याचे नियम ठरलेले आहेत. दोन्ही अंडाशयं काढलेली असतील तर, वय ६० किंवा पुढे असेल तर, किंवा ६० च्या आत असून केमो, टॅमॉक्सिफेन किंवा अंडाशय दाबणारं इंजेक्शन यांपैकी काहीही चालू नसताना सलग बारा महिने पाळी आली नसेल आणि एफएसएच-एस्ट्राडिओलही तसंच सांगत असेल तर. बाईंची पाळी केमोने थांबली आणि टॅमॉक्सिफेनवर थांबलेली राहिली. ते महिने या हिशेबात धरताच येत नाहीत. लंडनच्या रॉयल मार्सडेन रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००६ मध्ये हाच धोका मांडला होता. केमोने पाळी थांबलेल्या ४५ बायकांना अरोमाटेज अडवणारी गोळी दिली, त्यातल्या १२ जणींची अंडाशयं परत चालू झाली, एकीला तर दिवस गेले. ही बाब नवी नाही, गुपितही नाही. ती पन्नाशीच्या आतल्या प्रत्येक बाईच्या बाबतीत आठवली पाहिजे.

इंजेक्शन की ऑपरेशन

सगळे रिपोर्ट घेऊन मी बेळगावच्या ऑन्कॉलॉजिस्टशी फोनवर बोलले. त्यांनी दुसऱ्याच दिवशी बोलावून घेतलं आणि केमो थांबवली. औषध अजून खऱ्या अर्थाने वापरलंच गेलेलं नाही, तर ते हरलं कसं म्हणायचं, हा त्यांचाही निष्कर्ष होता. यकृत-फुप्फुसं साफ होती, मज्जारज्जूवर दाब नव्हता, त्यामुळे हार्मोनच्या मार्गाने जायला वेळ हाताशी होता. तसं नसतं तर केमोच आधी करावी लागली असती.

अंडाशयं गप्प करायचे दोन मार्ग. दर २८ दिवसांनी पोटाच्या कातडीखाली गोसेरेलिन ३.६ मिलिग्रॅमचं इंजेक्शन, किंवा दुर्बिणीतून दोन्ही अंडाशयं काढणं. इंजेक्शनाची सोय अशी की नको झालं तर थांबवता येतं. पण बाईंना मुलं दोन, आणखी नको होती. त्यांच्या गावाला जून ते सप्टेंबर पाऊस कसा असतो हे खानापूरकरांना सांगायला नको. ओढा चढला की एसटी वळसा घेते नाहीतर येतच नाही. इंजेक्शन आठवडाभर पुढे गेलं तर अंडाशय पुन्हा डोकं वर काढू शकतं. शक्ती योजनेमुळे जून २०२३ पासून बायकांना राज्यात बस फुकट आहे, त्याने तिकिटाचा प्रश्न सुटला. रस्त्याचा सुटला नाही. शिवाय दर महिन्याचा खर्च आयुष्यभर. बाईंनी फार वेळ घेतला नाही. “एकदाच काय ते काढून टाका. घरात विचारायला लागत नाही, माझं मी ठरवलोय,” म्हणाल्या.

अंडाशयं काढून स्तनाचा पसरलेला कर्करोग आटोक्यात आणायची कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ती मांडली, तेव्हा इस्ट्रोजेन सापडायचं होतं. अरोमाटेज अडवायची कल्पना अँजेला ब्रॉडी यांनी १९७० च्या दशकात प्रयोगशाळेत सिद्ध केली. या बाईंना दोन्ही लागणार होत्या, एकीच्या पाठीवर दुसरी.

ऑपरेशनच्या आधी एक काम मी आग्रहाने करून घेतलं, तोंड तपासणं. आपल्या भागातल्या बायकांना मशेरीची सवय असते, आणि ती इतकी अंगवळणी पडलेली की ‘तंबाखू खाता का’ विचारलं तर ‘नाही’ म्हणतात. बाईंच्या खालच्या दोन दाढा हलत होत्या, हिरडी काळी पडलेली, एका दाढेखाली पू. झोलेड्रॉनिक ॲसिड चालू असताना अशी दाढ काढावी लागली तर जबड्याचं हाड उघडं पडून महिनोन्‌महिने न भरण्याचा धोका असतो. आधीच्या दोन सलाईनच्या वेळी तोंड कोणी उघडून बघितलेलं नव्हतं. पुढचं सलाईन लांबवलं, खानापूरच्या दंतवैद्यांनी दोन्ही दाढा काढल्या, जखम पूर्ण भरल्यावरच सलाईन परत सुरू झालं, तेही दर बारा आठवड्यांनी ४ मिलिग्रॅम. मशेरी बाईंनी सोडली. सासूबाईंनी नाही.

दोन्ही अंडाशयं निघाली. पॅथॉलॉजीत त्यांत रोग नव्हता. लेट्रोझोल तेच, त्याच मात्रेत, परत सुरू. जोडीला पॅल्बोसिक्लिब, ही गाठीच्या पेशींचं विभाजन रोखणारी गोळी, २१ दिवस रोज एक आणि सात दिवस खंड. भारतात जानेवारी २०२३ मध्ये त्याचं पेटंट संपलं आणि देशी कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्या, म्हणून या घराला ती परवडू शकली. आधीच्या किमतीत विषयच नव्हता. या गटातल्या औषधाने किती फरक पडतो याचा एक आकडा सांगते. पाळी चालू असलेल्या बायकांवर झालेल्या मोनालीसा-७ चाचणीत अंडाशयं दाबून हार्मोनच्या गोळीबरोबर याच गटातलं रायबोसिक्लिब दिलं तेव्हा निम्म्या बायकांत रोग २३.८ महिन्यांहून जास्त आवरून राहिला, नुसत्या हार्मोनच्या उपचारावर १३ महिने. पॅल्बोसिक्लिबने पांढऱ्या पेशी उतरतात, म्हणून पहिले दोन महिने दर पंधरवड्याला रक्त तपासावं लागतं. ते खानापुरात होतं, त्यासाठी बेळगाव गाठायचं कारण नाही.

त्यानंतर

ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात वाफा परत आल्या. बाई कंटाळल्या, मला हायसं वाटलं. सहाव्या आठवड्याला एस्ट्राडिओल परत मोजलं. नेहमीची तपासणी इतक्या कमी पातळीला भरवशाची नसते, म्हणून मास स्पेक्ट्रोमेट्री या अधिक अचूक पद्धतीने मोजणाऱ्या प्रयोगशाळेत नमुना पाठवला. उत्तर आलं : मोजता येण्याच्या पातळीखाली. (एक्झेमेस्टेन घेणाऱ्या बाईंच्या बाबतीत हे आणखी जपायचं. त्या गोळीची रचनाच संप्रेरकासारखी असल्याने नेहमीच्या तपासणीत एस्ट्राडिओल खोटं वाढलेलं दिसतं आणि अंडाशय चालू असल्याचा नसता भास होतो.)

तिसऱ्या महिन्यात कंबर दुखायची थांबली, वेदनाशामक गोळ्या सुटल्या. सीए १५-३ आधी ७० वर, मग ४१ वर आला. या आकड्यावर एकट्यावर मी कधीच विसंबत नाही, पण स्कॅनही तेच म्हणत होता. बरगडीतला डाग वाढला नाही, मणक्यांतल्या डागांच्या कडा पांढऱ्या होऊन भरत आल्या. पांढऱ्या पेशी एकदा बऱ्याच उतरल्या, तेव्हा आठवडाभर पॅल्बोसिक्लिब थांबवून मात्रा १२५ वरून १०० मिलिग्रॅमवर आणली. सकाळी बोटं वळत नाहीत ही तक्रार आता कायमची झाली आहे. कोमट पाण्यात हात बुडवून मुठी करणं, चालणं, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व, याने ती सुसह्य राहते. गोळी बंद करू का, असं त्यांनी दोनदा विचारलं आहे. दोन्ही वेळा मी त्यांना बसवून परत सगळं समजावलं. सांधे आखडतात म्हणून परस्पर गोळी सोडणाऱ्या बायका मी बघितल्या आहेत आणि त्यांची मला काळजी वाटते.

हा आजार आता मुळापासून जाणार नाही, हे नवरा-बायकोला माहीत आहे. सांगताना मी काही झाकलं नाही. किती वर्षं, हे त्यांनी विचारलं. आकडा मी दिला नाही, मात्र हाडापुरता राहिलेला आणि हार्मोनला दबणारा रोग वर्षानुवर्षं आवरून ठेवता येतो एवढं सांगितलं, आणि ते खरं आहे.

पुढे कधीतरी रोग या उपचाराखालीही वाढेल, तेव्हा काय, याची तयारी आत्ताच ठरवून ठेवली आहे. अरोमाटेज दाबून ठेवलं की गाठ त्यातून वाटा काढते. एक वाट म्हणजे सीवायपी१९ए१ जनुकाच्या प्रती वाढवून स्वतःच जास्त अरोमाटेज बनवणं. २०१७ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये आलेल्या अभ्यासात या गोळ्यांवर असताना पसरलेल्या रोगात साधारण पाचपैकी एकीच्या गाठीत हे सापडलं. दुसरी वाट अधिक नेहमीची, ईएसआर१ जनुकातला बदल. इस्ट्रोजेन पेशीतल्या ज्या ग्राहकाला (रिसेप्टरला) जाऊन चिकटतं तो ग्राहकच असा बदलतो की इस्ट्रोजेन नसतानाही तो पेटलेला राहतो. मग एन्झाइम कितीही अडवलं तरी उपयोग नाही, ग्राहकच नष्ट करणारं औषध लागतं : फुल्व्हेस्ट्रंटचं इंजेक्शन, किंवा अमेरिकेत जानेवारी २०२३ मध्ये मान्यता मिळालेलं एलासेस्ट्रंट. हा बदल रक्ताच्या नमुन्यातून तपासता येतो. बाईंचा रोग वाढला तर केमोची तारीख ठरण्याआधी हे रक्त जाईल, असं ऑन्कॉलॉजिस्टच्या कागदावर लिहून घेतलं आहे.

सध्या त्या दर महिन्याला येतात. सगळे कागद एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावले आहेत, बेळगावचे आणि मिरजेचे एकत्र. वरच्या पानावर मराठीत आणि कन्नडमध्ये चार ओळी : गाठीचा प्रकार, शेवटच्या पाळीची तारीख, अंडाशयं काढल्याची तारीख, चालू औषधं. ते पान बाईंच्या मुलाने लिहिलं आहे. पुढचं सलाईन भात कापणीच्या आधी येतंय, तेवढ्यात दाढांच्या जागेचा एक्स-रे काढायचा आहे.